पिस्तूल लाखाचं, पण हात कुणाचा?

सबमिशनच्या गडबडीत आमच्या रूमवर एक वेगळीच फाईल तयार होत होती. माझ्या रूममेटने दहा मीटर एअर पिस्तूल या खेळासाठी परदेशी पिस्तुलांची माहितीपत्रकं जमवली होती. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी... नावं ऐकूनच आम्ही गार! गडी निफाड तालुक्यातला, घरी द्राक्षबाग. "अण्णा म्हणालेत, यंदा बागेचे पैसे आले की घेऊ," असं तो म्हणाला. किंमत बघितली तर लाखाच्या बरीच पुढे. "तू मेकॅनिकलचा ना, सांग कोणतं घेऊ?" मला तर डिझाईनच्या पेपरपेक्षा हाच प्रश्न अवघड वाटला. रविवारी शहरातल्या रेंजवर दोन वर्षं छर्रे उडवून जे थोडंफार कळलं, त्यावर हे मत मांडतो. पटलं नाही तर कट्ट्यावर भांडू.

पहिली चूक म्हणजे वेग बघणं. आपल्याला बाईकची सवय, त्यामुळे जास्त वेग म्हणजे भारी मशीन! इथे तसं नाही. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण 150 मीटरने निघतो. सूत्रात टाका, ऊर्जा येते जेमतेम 6 ज्यूल. कागदाला गोल भोक पाडायला एवढी पुरे. महत्त्वाचं आहे ते प्रत्येक छर्रा त्याच वेगाने जाणं. सिलिंडरमध्ये हवा 200 बारने भरलेली असते आणि दाब उतरत जातो, तरी पहिल्या आणि साठाव्या शॉटचा वेग सारखा राहायला हवा. हे काम रेग्युलेटरचं. तेव्हा विचारायचं ते रेग्युलेटरबद्दल.

दुसरी चूक अचूकतेची. वर्कशॉपमधल्या व्हाइससारख्या पकडीत धरून झाडलं, तर कुठलंही चांगलं स्पर्धेचं पिस्तूल पाच छर्रे जवळजवळ एकाच भोकातून काढतं. दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे पिस्तूल आधीच पास. नापास होतो तो आपण! हिशोब बघा. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर समजा 320 मिलिमीटर आहे. पुढची साइट फक्त 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे 31 मिलिमीटर भरकटतो आणि दहाचे सात होतात. ही एक मिलिमीटरची चूक लाखाचं पिस्तूल सुधारत नाही, उलट इमानदारीने कागदावर छापून दाखवतं.

मग पारखायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली मूठ. डोळे मिटून हात उचला, नेम धरा, मग डोळे उघडा. साइट्स आपोआप एका रेषेत आल्या असतील तर मूठ तुमची. मनगट वाकवून जुळवावं लागत असेल, तर ती दुसऱ्या कुणाची. दुसरी ट्रिगर. नियमाप्रमाणे तो किमान 500 ग्रॅम वजन पेलणारा हवा, पण दाब दिल्यावर तो दर वेळी त्याच जागी सुटतो का, ते बोटाला विचारा. तिसरी तोल. नियमात 1500 ग्रॅमपर्यंत वजन चालतं, बरीच पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. दुकानात दोन मिनिटं सगळीच हलकी वाटतात. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 शॉट, तेही एका हाताने!

"मग पिस्तुलाला काही किंमतच नाही का?" असं कुणी विचारेल. आहे ना! 25 जुलै 2021 ला टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल मध्येच बिघडलं, मोलाची मिनिटं गेली आणि ती 12 व्या स्थानावर राहिली. म्हणून सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास कुठे मिळते, हा प्रश्न माहितीपत्रकातल्या चकचकीत फोटोच्या आधी यायला हवा. पण त्याच मनूने 28 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्यपदक घेतलं. मधल्या तीन वर्षांत काय घडलं असेल? सराव, दुसरं काय! आपल्या नाशिकमध्ये धडे गिरवलेल्या स्वप्नील कुसाळेने त्याच पॅरिसमध्ये रायफलमध्ये कांस्य मिळवलं. तोही काही पहिल्या दिवशी स्वतःची भारी रायफल घेऊन इथे उतरला नसेल.

म्हणून माझं रोखठोक मत असं की, नवशिक्याने पहिलं वर्ष स्वतःचं पिस्तूल घेऊच नये. रेंजवरचं वापरावं, छर्ऱ्यांवर खर्च करावा आणि रिकामं पिस्तूल भिंतीकडे धरून ट्रिगरचा सराव करावा. बहुतेक स्पर्धेच्या पिस्तुलांत त्याची सोय असते, हवाही खर्च होत नाही. वर्षभरानंतर आपली मूठ कळते, तेव्हा घ्यावं.

आणि जिमखान्याच्या सरांना एक विनंती. दरवर्षी क्रिकेटच्या किटवर जो खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढून दोन साधी, टिकाऊ पिस्तुलं घेता येतील. एकाची मूठ लहान, एकाची मध्यम. डावखुऱ्यांसाठी जास्तीची एक मूठ. पिस्तुलं कुलपात सरांकडे, होस्टेलच्या रूमवर अजिबात नकोत. 6 ज्यूल कागदाला कमी असतील, डोळ्याला नाहीत. एका पोराच्या बापाने बाग गहाण टाकल्यासारखं पिस्तूल घेण्यापेक्षा चाळीस पोरांनी आपला हात तपासून बघितलेला बरा.

परवा रात्री मेसमधून येताना रूममेट घरी फोनवर बोलत होता. "अण्णा, पिस्तुलाचं पुढच्या वर्षी बघू. तोवर ते पैसे बागेलाच लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "रविवारी मला पण ने रेंजवर."

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी