गावठाणातील घरांचे अडलेले बांधकाम परवाने : जिल्हाधिकाऱ्यांस निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी महोदय,
आदिलाबाद जिल्हा, तेलंगणा राज्य.

विषय : गावठाणातील जुन्या घरांच्या जागी नवे घर बांधण्यासाठी केलेल्या अर्जांवर निर्णय मिळणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील यापूर्वीची तीन निवेदने व प्रजावाणीतील, म्हणजे दर सोमवारच्या तक्रार सुनावणीतील, तक्रारी (पोचपावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पैनगंगेच्या काठाने वसलेल्या मराठी भाषक गावांतील, खाली सह्या केलेल्या रहिवाशांचे या विषयावरील हे चौथे निवेदन असून, पहिल्या तिन्ही निवेदनांना मिळालेले लेखी उत्तर ‘चौकशी सुरू आहे’ या तीन शब्दांपलीकडे गेलेले नाही. मागील निवेदन मराठीत असल्यामुळे ते घेणाऱ्या खिडकीवर तेलुगू भाषांतर मागण्यात आले होते. राज्यघटनेचा 350 वा अनुच्छेद याबाबत काय सांगतो हे प्रशासनास ठाऊक आहेच; तरीही भाषेचे कारण शिल्लक राहू नये म्हणून या वेळी तेलुगू प्रतही जोडली आहे.

प्रश्न नव्या वसाहतीचा नाही. पडायला आलेले मातीचे घर उतरवून त्याच जागेवर पक्के घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबांचे अर्ज संबंधित कार्यालयात अडून आहेत आणि जागेच्या मालकीचा पुरावा नाही, हे कारण वारंवार सांगितले जाते. ज्या जागेला मराठीत गावठाण, तेलुगू दप्तरात ग्रामकंठम आणि निजामकाळापासून चालत आलेल्या महसुली भाषेत आबादी म्हणतात, ती गावाच्या राहत्या वस्तीची जमीन होय. शेतजमिनीप्रमाणे तिला घरागणिक सर्वे क्रमांक नसतो, तिची पहाणी, म्हणजे पीक व कब्जा नोंदवणारे वार्षिक पत्रक, निघत नाही आणि तिचे पट्टा पासबुकही दिले जात नाही. जो कागद शासनाने कधी काढलाच नाही, तो अर्जदाराने पैदा करावा अशी ही अपेक्षा आहे.

या कुटुंबांकडे कागद अजिबात नाहीत असेही नव्हे. घरपट्टीच्या पावत्या आहेत, वीजबिले आहेत, भावाभावांतील वाटणीपत्रे आहेत आणि अनेकांकडे सादा बैनामा, म्हणजे नोंदणी न करता साध्या कागदावर पंचांच्या सह्या-अंगठ्यांनी केलेले खरेदीपत्र, आजही पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहे. मात्र या कागदांवर राज्यांचे आणि लिप्यांचे थर चढलेले आहेत. हैदराबाद संस्थानाचे महसुली दप्तर उर्दूत होते. 1956 साली भाषावार पुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, नदीच्या या अंगाची मराठी गावे आंध्र प्रदेशात राहिली आणि दप्तर तेलुगूत आले. 2014 साली राज्य तेलंगणा झाले आणि नोंदी संगणकावरही चढल्या. प्रत्येक स्थित्यंतरात घर जागच्या जागी राहिले, घरमालकाचे नाव मात्र हलले.

हे नाव कसे हलते ते सविस्तर सांगणे भाग आहे, कारण अर्ज परत येण्याचे एक मोठे कारण तेच ठरले आहे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे जुन्या कागदावरचा ‘केशव’ नंतरच्या नकलेत ‘केशो’ होतो. तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी येते आणि पुष्कळदा केवळ आद्याक्षराने लिहिले जाते. मराठी रिवाजात आधी स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. परिणामी नोंद करणाऱ्याने कधी वडिलांचे नाव आडनाव म्हणून चढवले आहे, तर कधी आडनावच गाळले आहे. स्त्रियांची स्थिती याहून कठीण आहे. लग्नात नाव बदलण्याची जुनी चाल असल्याने एकाच विधवेच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, घरपट्टीवर सासरचे नाव आणि आधारपत्रावर या दोहोंची सरमिसळ आढळते. पूर्ण गाव जिला एकाच हाकेने ओळखते, ती बाई कार्यालयाच्या लेखी तीन निरनिराळ्या व्यक्ती ठरते आणि त्या तिघींपैकी एकीलाही परवाना मिळत नाही.

सोबत जोडलेल्या एका फाइलीचा प्रवास पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होईल. दोन भावांत वाटणी होऊन घर क्रमांक 3-27 चे 3-27/1 आणि 3-27/2 असे दोन भाग झाले आणि धाकट्या भावाने आपल्या भागावर दोन खोल्या बांधण्यासाठी अर्ज केला. पहिल्या खेपेस घरपट्टी अद्याप वडिलांच्या नावे आहे म्हणून अर्ज परत आला. नाव फिरवून घेतल्यावर आधारपत्रावरील नाव जुळत नाही म्हणून तो पुन्हा परत आला. शपथपत्र दिल्यावर लिंक डॉक्युमेंट, म्हणजे मालकीची साखळी दाखवणारे आधीच्या व्यवहारांचे नोंदणीकृत दस्त, मागण्यात आले. ते वडिलोपार्जित घराला असणे शक्य नाही असे लेखी कळवल्यावर नकाशावर चतुःसीमा तेलुगूत लिहिलेल्या नाहीत अशी चौथी त्रुटी निघाली. या चारही त्रुटी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या नसत्या काय, हा प्रश्न निवेदनकर्ते नम्रपणे, परंतु आता चौथ्यांदा, विचारीत आहेत. दर खेपेस मीसेवा (सरकारी ऑनलाइन सेवा) केंद्र, झेरॉक्स, मुद्रांक आणि बसभाडे यांचा खर्च होतो आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गेलेली मजुरी कोणी भरून देत नाही.

शहरांसाठी याच राज्याने वेगळा विचार केला, याची आठवण देणे अनुचित ठरू नये. 2020 च्या टीएस-बीपास कायद्याने, म्हणजे नागरिकाच्या स्वयंप्रमाणनावर बांधकाम परवाना देणाऱ्या व्यवस्थेने, नगरपालिका हद्दीत 75 चौरस गजांपर्यंतच्या जागेवरील लहान घराला एक रुपयात केवळ नोंदणी पुरेशी ठरवली, 500 चौरस मीटरपर्यंतच्या आणि दहा मीटर उंचीपर्यंतच्या घरास तत्काळ मंजुरी दिली आणि त्याहून मोठ्या बांधकामास 21 दिवसांची मर्यादा घातली. अलीकडे तिची जागा बिल्डनाऊ या प्रणालीने घेतली आहे. शहरातील माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि खेड्यातील माणसाच्या पन्नास वर्षांच्या घरपट्टीवर ठेवायचा नाही, या भेदाचे समर्थन कोणत्या तत्त्वावर होते ते निवेदनकर्त्यांस समजलेले नाही.

विलंबाची किंमत या भागात इतर ठिकाणांहून अधिक पडते, कारण येथील जमीन काळी आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया दिवाळीनंतर खणून मृग लागण्यापूर्वी जोते वर आणावे लागते, त्यातच कापसाचा पैसा हाती येण्याचे दिवसही तेच असतात. परवाना आज-उद्या मिळेल या भरवशावर काही कुटुंबांनी गेल्या उन्हाळ्यात जुने घर उतरवून पाया खणला. परवाना आला नाही, पाऊस आला. चरांत पाणी साचून कडा ढासळल्या आणि एका ठिकाणी शेजाऱ्याच्या मातीच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत तडा गेला. ती कुटुंबे पावसाळाभर गोठ्यात आणि ताडपत्रीखाली राहिली. मंजूर नकाशा नाही म्हणून बँकेने कर्जाचा अर्ज बाजूला ठेवला. इंदिरम्मा घरकुल योजनेत पाच लाख रुपयांचे साहाय्य टप्प्याटप्प्याने मिळते आणि त्यातील पहिला एक लाखाचा हप्ता जोते पूर्ण झाल्यावर येतो. शिवाय पहिल्या टप्प्यात स्वतःची जागा असणाऱ्यांनाच घरे दिली जात असल्याने, जागा डोळ्यांसमोर असूनही ती ‘स्वतःची’ असल्याचे दाखवता न येणारी कुटुंबे तेथेही मागे पडली.

आश्वासनांची कमतरता कधीच नव्हती. पहिल्या निवेदनानंतर पोळ्यापूर्वी गावात येऊन मोजणी केली जाईल असे तोंडी सांगण्यात आले. तो पोळा गेला आणि त्यानंतरचाही गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये सरपंचांची मुदत संपून पंचायतींवर विशेष अधिकारी आले, तेव्हा निवडून आलेली पंचायत येऊ द्या, मग सही होईल, असे उत्तर मिळाले. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या, सरपंच बसले आणि आता नवीन पंचायतीस जुन्या फाइली सापडत नाहीत असे सांगितले जाते. मधल्या काळात मालकीचा प्रश्न भूभारतीत सुटेल असेही सांगितले गेले. एप्रिल 2025 पासून अमलात आलेल्या या नव्या भूमी अभिलेख कायद्यात आबादीच्या जागांचेही हक्कपत्रक तयार करण्याची तरतूद आहे, हे निवेदनकर्ते जाणतात आणि तिचे स्वागतही करतात. परंतु ते हक्कपत्रक या गावांत केव्हा तयार होणार हे कोणी सांगत नाही आणि तोपर्यंत माणसांनी राहायचे कोठे, याचे उत्तर त्या तरतुदीत नाही.

या सर्व कारणांस्तव मुख्य मागणी अशी आहे की, आबादीचे हक्कपत्रक हाती येईपर्यंत जुनी घरपट्टी, वीजबिल आणि शेजाऱ्यांच्या सह्यांसह जागेवर केलेला पंचनामा हा त्याच जागेवरील घराच्या परवान्यापुरता पुरेसा पुरावा मानावा. परवान्याने मालकी सिद्ध होत नाही अशी ओळ त्यावर छापण्यास कोणाचीही हरकत नाही. नावातील फरकासाठी प्रत्येकाकडून वेगळे शपथपत्र मागण्याऐवजी मराठी आणि तेलुगू दोन्ही वाचणाऱ्या कर्मचाऱ्यासह गावात एक दिवसाचे शिबिर घ्यावे, तेथेच पंचांसमक्ष नावे जुळवावीत आणि घरपट्टीच्या नोंदवहीत ‘ऊर्फ’ लिहून विषय संपवावा. ज्या अर्जात त्रुटी असतील त्या सर्व एकदाच, लेखी आणि सही-तारखेसह कळवाव्यात, आणि नंतर नवी त्रुटी काढावयाची झाल्यास ती आधी का दिसली नाही हे काढणाऱ्याने त्याच कागदावर नोंदवावे. मोजणी आणि शिबिर यांची तारीख या निवेदनाच्या उत्तरातच द्यावी. ‘लवकरच’ हा शब्द निवेदनकर्ते यापुढे तारीख म्हणून स्वीकारणार नाहीत.

अन्य मागण्या थोडक्यात मांडता येतील. गावठाणालगतच्या शेतजमिनीवर घर बांधणाऱ्यांकडून नाला भरून घेतला जातो. मराठी कानाला हा शब्द ओढ्यासारखा ऐकू येत असला तरी तो अकृषिक जमीन आकारणीच्या इंग्रजी नावाचा संक्षेप आहे, आणि तो भरल्यावर मिळणारी रूपांतराची नोंद पंचायतीकडे आपोआप पोहोचावी, अर्जदाराला पुन्हा प्रत आणावयास लावू नये. एलआरएस, म्हणजे विनामंजुरी पाडलेल्या भूखंडांच्या नियमितीकरणासाठी, ज्यांनी 2020 साली एक हजार रुपये भरून अर्ज केले, त्यांच्या अर्जांची सद्यस्थिती गावनिहाय प्रसिद्ध करावी. अर्जाचे नमुने मराठीतही उपलब्ध व्हावेत. अनुसूचित क्षेत्रात कोणती गावे येतात त्याची यादी पंचायतीच्या फलकावर लावावी. आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण करणाऱ्या 1959 च्या विनियमास आणि 1970 च्या दुरुस्तीस धक्का लावावा अशी निवेदनकर्त्यांची मुळीच इच्छा नाही, केवळ त्या क्षेत्राबाहेरच्या गावांतील फाइलींवर ‘एजन्सी (म्हणजे अनुसूचित क्षेत्र) तपासणी बाकी’ असा शेरा पडू नये आणि त्या क्षेत्रातील गोंड व कोलाम अर्जदारांस स्वतःच्याच घरासाठी महिनोन्महिने थांबावे लागू नये.

मागील तीन निवेदनांच्या पोचेवर केवळ आद्याक्षरी सही असल्याने ती कोणी स्वीकारली हे नंतर सांगता आले नाही. या निवेदनाची पोच शिक्का, आवक क्रमांक, नाव व तारखेसह मिळावी. ती न मिळाल्यास येत्या सोमवारी प्रजावाणीत सर्व अर्जदार परत आलेल्या फाइलींचा गठ्ठा घेऊन उपस्थित राहतील. त्यात परवान्याअभावी ताडपत्रीखाली राहणारी वृद्ध माणसेही असतील, तरी त्यांच्यासाठी बसण्याची व्यवस्था व्हावी.

आपले विश्वासू,
गावठाणातील बांधकाम परवान्याचे अर्जदार व ग्रामस्थ
(सह्या व अंगठे स्वतंत्र पानांवर)

सोबत : निवेदनाची तेलुगू प्रत, पूर्वीच्या तीन निवेदनांच्या पोचपावत्या, घर क्रमांक 3-27/2 च्या फाइलीची पूर्ण नक्कल, चारही शेऱ्यांसह.