रेघ कोण मारतो?

निवडणूक मतदानाच्या दिवशी होते असे आपण समजतो. पण नकाशावर प्रभागाची हद्द आखली जाते, तेव्हाच ती निम्मी उरकलेली असते. त्या वेळी आपण बाया कुठे असतो? उसाच्या खुरपणीला, नाहीतर चुलीपुढे.

“बाया तर प्रत्येक प्रभागात निम्म्या. रेघ सरकली तर आपलं काय बिघडलं?” असे पुष्कळजणी विचारतात. समजा, गावात हजार-हजार मतदारांचे तीन प्रभाग आहेत आणि शेतमजुरांच्या वस्तीत नऊशे मते. वस्ती एकत्र राहिली तर तिथली बाई निवडून येऊ शकते. तीनशे-तीनशे अशी तिन्हीकडे वाटली, तर कुठेच नाही. माणसे तीच, मते तेवढीच. बदलली फक्त रेघ.

वडगाव निंबाळकरसारख्या नीरा डाव्या कालव्यावरच्या बागायती गावांत पुरुष पुढाऱ्याची ताकद सोसायटीत, साखर कारखान्यात, भावकीत असते. रेघ कुठेही मारा, ती शाबूत राहते. बाईची ताकद तिच्या गल्लीत, नळावर, बचत गटात. गल्ली तोडली की तिच्या पायाखालची जमीनच जाते.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्या केल्या. पण राखीव प्रभाग सोडतीने फिरतो. पाच वर्षे धडपडून बाई कारभार शिकते, आणि मग घरचेच म्हणतात, “आता वॉर्ड खुला झाला, तू थांब.” खुला म्हणजे पुरुषांचा, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांचा रिखिल भावनानी यांनी अभ्यास केला. आधी राखीव असलेल्या प्रभागात आरक्षण उठल्यावरही बाई निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे संधी मिळालेली बाई टिकते. मात्र तिचा प्रभाग जागेवर राहिला पाहिजे.

वरची मंडळी काय करतात? मार्च २०२२ मध्ये प्रभाग आखण्याचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारे कायदे विधिमंडळात झाले. मुंबईचे प्रभाग एका सरकारने २२७ चे २३६ केले, दुसऱ्याने २०२२ मध्येच पुन्हा २२७. पक्ष वेगळे, पेन्सिल एकच! आणि २०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेतले आपले आरक्षणही जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधून टाकले. हक्क आमचा, पण तो कधी द्यायचा ते रेघ मारणारे ठरवणार!

मैत्रिणींनो, प्रभागरचनेचा मसुदा चावडीवर लागतो आणि हरकतींची मुदत गुपचूप निघून जाते. यापुढे ती जाऊ देऊ नका. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत नकाशा भिंतीवर लावून मोठ्याने वाचायला लावा. ओढा, रस्ता सोडून हद्द वस्तीच्या मधूनच का गेली, याचे कारण मागा. उत्तर मिळाले नाही तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. एकटीने नको, गल्लीतल्या सगळ्याजणींच्या सह्या-अंगठ्यांसह.

मत मागायला ते आपल्या दारात येतात. रेघ मारायच्या आधीही त्यांना यावेच लागेल, असे करू या.