आघातानंतरचे मन

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे गाढ झोपेत असताना, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे कोसळली. हजारो माणसे झोपेतच दगावली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पडलेल्या घरांचे पंचनामे झाले, भरपाईही मिळाली; परंतु ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या माणसाच्या मनात काय उरले, त्याची नोंद कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

मनात असे जे दीर्घकाळ उरते, त्याला वैद्यकशास्त्र ‘आघातोत्तर तणाव विकार’ अर्थात ‘पीटीएसडी’ म्हणते. विकार जुना आहे, नाव मात्र नवे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून वाचलेले काही सैनिक अंगावर एकही जखम नसताना थरथर कापत, त्यांची वाचा जाई. त्या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हटले गेले आणि त्यांपैकी कित्येकांना भ्याड ठरवण्यात आले. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर, १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेने या विकाराला अधिकृत स्थान दिले.

त्याची लक्षणे चार गटांत मांडली जातात. पहिला गट पुनःप्रत्ययाचा. घटना आठवते एवढेच नव्हे, तर ती पुन्हा घडत असल्यासारखी वाटते, दुःस्वप्ने पडतात. दुसरा गट टाळण्याचा. ती जागा, तो रस्ता, तो विषय माणूस कटाक्षाने चुकवतो. तिसऱ्या गटात विचार आणि भावना बदलतात. ‘मीच का वाचलो?’ असा अपराधभाव छळतो, आपल्या माणसांविषयीही परकेपणा वाटू लागतो. चौथ्या गटात शरीर सतत सावध राहते. झोप लागत नाही, लहानशा आवाजाने दचकायला होते, विनाकारण संताप येतो. लहान मुले अनेकदा बोलून दाखवत नाहीत. तीच घटना ती खेळात पुन्हा पुन्हा मांडतात.

आघातानंतर पहिले काही दिवस असा त्रास होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक माणसे हळूहळू सावरतात. लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे दैनंदिन व्यवहार कोलमडू लागले, तरच हे निदान केले जाते. काहींमध्ये पूर्ण लक्षणे सहा महिन्यांनंतरही प्रकट होतात. रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात हा विकार दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ सविस्तर विचारपूस करूनच निदान करतात. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. व्यापारातील खोट किंवा बुडालेली उधारी माणसाला खचवते, तिच्यामुळे नैराश्यही येऊ शकते. परंतु पीटीएसडीच्या व्याख्येत जिवावर बेतलेला प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक अत्याचार अपेक्षित असतो. दुकानावर पडलेला सशस्त्र दरोडा, गोदामाची आग, महामार्गावरील भीषण अपघात हे प्रसंग त्यात बसू शकतात.

या लक्षणांना शारीरिक आधार आहे. मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोक्याची घंटा वाजवतो, हिप्पोकॅम्पस आठवणीला स्थळकाळाची जोड देतो आणि कपाळामागचा अग्रभाग ‘धोका टळला आहे’ असे सांगून घंटा शांत करतो. या विकारात घंटा फार संवेदनशील होते आणि तिला आवरणारा भाग दुबळा पडतो. त्यामुळे जुनी आठवण ‘तेव्हाची’ न राहता ‘आत्ताची’ होते. हृदयाची धडधड, घाम, सुटलेला थरकाप ही सोंगे नव्हेत. शरीर खरोखरच पळण्याच्या तयारीत असते.

म्हणूनच ‘झाले ते झाले, आता विसरा’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा उपदेश कितीही मायेने केलेला असला, तरी निष्फळ ठरतो. रुग्णाला विसरायचेच असते. मेंदू विसरू देत नाही. अशा वेळी त्याला बोलण्याची सक्ती करू नये आणि तो बोलू लागला तर अडवूही नये. झोपेच्या गोळ्या परस्पर आणून देऊ नयेत. आघातकेंद्रित मानसोपचारात तज्ज्ञ रुग्णाला सुरक्षित वातावरणात, क्रमाक्रमाने त्या आठवणीला सामोरे जायला शिकवतात. गरजेनुसार नैराश्यावरील काही औषधेही दिली जातात. या उपचारांनी पुष्कळ रुग्णांना लक्षणीय आराम पडतो.

तरीही पुष्कळ घरांत ही गोष्ट दडवली जाते. मुलीचे लग्न जमायचे असते, पेढीची पत सांभाळायची असते. मधुमेहाची गोळी सर्वांदेखत घेतली जाते. मनोविकारतज्ज्ञाची भेट मात्र परगावी आणि गुपचूप ठरते. कायदा असा भेद करत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. आपल्या पॉलिसीतील त्यासंबंधीच्या अटी एकदा वाचून ठेवणे हिताचे. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.

अपघातातून, आगीतून किंवा दरोड्यातून एखादा सुखरूप घरी परतला, की आप्तेष्ट पेढे वाटतात आणि ते योग्यच आहे. त्यानंतर महिन्याभराने कोणीतरी त्याच्याजवळ निवांत बसून ‘रात्री झोप लागते ना?’ एवढे विचारावे. उत्तर देताना तो घुटमळला, तर त्याला तज्ज्ञाकडे एकटे धाडू नये. घरातील एकाने सोबत जावे.