आईच्या अंगावरचे व्रण

सकाळी दौंडच्या बेकरीतून पाव घ्यायचे आणि शिरूरची एस. टी. गाठायची, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. घोडनदीच्या (शिरूरचे हे जुने नाव मला अधिक गोड वाटते) कॉलेजात मी मराठी शिकवतो. बिऱ्हाड मात्र भीमेकाठी. वाटेत उसाचा टापू लागतो. गाळप सुरू झाले, की मळीचा आंबूस वास खिडकीतून आत शिरतो. हातातला पाव फुगवणारा आणि त्या मळीचे मद्यार्क करणारा कारागीर एकच, यीस्ट, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळले.

कळले तेही अपघातानेच. आमच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी यीस्टवर मराठीत टिपण लिहिले आणि भाषा तपासायला मजकडे दिले. मुकुलन, केंद्रक, रिक्तिका! शब्द सारे शुद्ध. पण डोळ्यांपुढे काही उभे राहीना. शेवटी म्हटले, "अहो, एकदा दाखवा तरी!"

त्यांनी कोमट साखरपाण्यात यीस्ट कालवले, थेंबभर काचपट्टीवर घेतले आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. आत लांबट गोल दाणे होते. एकेक दाणा मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा! कित्येकांच्या अंगाला इवला फुगवटा, निवडुंगाला नवे पान फुटावे तसा. हेच मुकुलन. अन्न आणि ऊब मिळाली, तर दीड-दोन तासांत त्या फुगवट्याची स्वतंत्र लेक होते.

एवढ्याशा घरात संसार मात्र पुरा. केंद्रकात १६ गुणसूत्रे, शक्ती पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि ती रिक्तिका. या नावाला माझी हरकत आहे. ती रिकामी मुळीच नसते; पेशीतली अडगळ मोडून तिच्यातले कामाचे काढून घेण्याचा उद्योग तिथे चालतो. योशिनोरी ओसुमी यांनी तो यीस्टमध्येच पाहिला आणि त्यांना २०१६चे नोबेल मिळाले. आपल्या पेशींत विभाजनाच्या वेळी केंद्रकाची भिंत मोडते. यीस्ट ती शाबूत ठेवते. केंद्रकच लांबते, चिंचोळ्या मानेतून अर्धे लेकीकडे जाते आणि मग त्याचे दोन होतात.

विभाजनाला 'आता हो' म्हणणारी जनुके लेलँड हार्टवेल यांनी या यीस्टमध्ये शोधली. पॉल नर्स यांनी आफ्रिकेतल्या भरड धान्याच्या दारूतल्या, मधोमध दुभंगणाऱ्या दुसऱ्या यीस्टमध्ये. १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेत, असले एक जनुक बिघडलेल्या यीस्टला माणसाचे जनुक दिले, तर ते यीस्ट पुन्हा विभागू लागले! २००१ साली टिम हंट यांच्यासह या दोघांना नोबेल मिळाले. टिपणातल्या या ओळीपाशी माझी लेखणी थांबली. माझी आई कर्करोगाने गेली. तिच्या पेशी 'आता पुरे' हे ऐकेनाशा झाल्या होत्या, एवढेच डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते. ते ऐकणे-न ऐकणे म्हणजे काय, हे पावाच्या यीस्टने मला समजावले.

प्राध्यापकांनी 'मूळ पेशी' आणि 'नवी पेशी' असे लिहिले होते. मी खोडून 'आई' आणि 'लेक' केले. त्यांनी नाक मुरडले. पण लेक सुटताना आईच्या अंगावर गोल व्रण राहतो, बिघडलेली प्रथिने आणि जुने सामान बहुतेक आईच ठेवून घेते, लेक कोरी निघते, आणि वीस-पंचवीस लेकींनंतर आई थकून थांबते, हे त्यांनीच खाली लिहिलेले. मग दुसरे कोणते शब्द वापरायचे?

टिपण वर्गात वाचले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, व्रण मोजून आईचं वय सांगता येतं?"

"येतं," प्राध्यापक म्हणाले, "पण त्याला चमकणारा खास रंग लागतो. आपल्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत."

तरीही ती उठली आणि बराच वेळ काचेला डोळा लावून बसली.