चॉसरच्या नावावर खपलेला हेन्रिसन

एडिंबरा विद्यापीठात इंग्रजी आणि स्कॉटिश साहित्य अशी जोडपदवी घेता येते, हे ऐकून एका प्राध्यापकमहाशयांना हसू आवरेना. बेट एक, राजमुकुट एक, भाषाही जवळपास एकच. बर्न्स आणि स्कॉट इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आहेतच की! उरले ते स्थानिक अभिमानाचे लाड. शिवाय विद्यार्थ्याला धड हे येत नाही, धड ते. आणि नोकरीचे काय?

नोकरी निव्वळ इंग्रजी घेणाऱ्याला मिळते तीच. लाडांचे म्हणाल, तर १७६२ साली ह्यू ब्लेअर एडिंबऱ्यात वक्तृत्व आणि ललित साहित्याच्या अध्यासनावर बसले, तेव्हा ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची पदवीही नव्हती.

‘आहेतच की’ हे मात्र झोंबते. आहेत, पण कसे? इंग्रज कवी चॉसरची क्रिसीड ट्रॉइलसला सोडून ग्रीकांकडच्या डायोमीडची होते. पुढे तिचे काय झाले, चॉसर सांगत नाही. सुमारे शतकभराने स्कॉटलंडचा रॉबर्ट हेन्रिसन ते सांगायला बसतो. थंडीत शेकोटी सारखी करतो, घोटभर घेतो, चॉसर वाचतो आणि शंका काढतो, की याने लिहिले ते सगळे खरेच कशावरून? त्याच्या क्रेसिडला महारोग होतो. हातात भिकेचा वाडगा आणि लोकांना सावध करणारा खुळखुळा. ट्रॉइलस घोड्यावरून जातो. तो तिला ओळखत नाही, पण तिला पाहून जुनी क्रेसिड आठवते, अंगाला कंप सुटतो, आणि सोन्याने भरलेली थैली तिच्या पदरात टाकून तो निघून जातो. तीही त्याला ओळखत नाही.

१५३२ साली लंडनमध्ये चॉसरचे साहित्य एकत्र छापले गेले, त्यात ही कविता त्याच्या कवितेमागोमाग आली, आणि पुष्कळ काळ वाचक ती चॉसरचीच समजत राहिले. शेक्सपिअरच्या नाटकांतही क्रेसिड भिकारीण, महारोगी म्हणून डोकावते. चॉसरवर शंका घेणारा कवी चॉसरच्याच नावावर खपला! महाशयांना हाच समावेश हवा असावा.

बर्न्सचा जुना वादही इथलाच. १७८६ च्या किल्मार्नॉक आवृत्तीनंतर खुद्द एडिंबऱ्याच्या पंडितांनी त्याला निसर्गाने शिकवलेला नांगरधारी ठरवून डोक्यावर घेतले. गड्याने इंग्रज कवी पोप वाचला होता, पण तसे म्हटले तर कौतुकातली गंमत गेली असती.

जोडीने का वाचावे? स्कॉटिश लेखक हॉगच्या १८२४ च्या कादंबरीचा नायक, आपण देवाच्या निवडीतले म्हणून खूनही माफ, असे मानतो. त्याला भेटून आलेल्याला एडिंबऱ्याच्या स्टीव्हन्सनने १८८६ मध्ये लंडनात उभा केलेला डॉक्टर जेकिल निव्वळ लंडनचा वाटत नाही. तेवढ्यासाठी मी तरी दोन्ही पुस्तके एकाच सत्रात लावीन.

तक्रार करायचीच तर स्कॉटिश कवी सॉर्ली मॅक्लीनबाबत करावी. त्याचा १९४३ चा प्रेमकवितांचा संग्रह गेलिकमध्ये आहे, आणि या जोडीतही तो बहुतेकांना इंग्रजी अनुवादातच वाचावा लागतो. त्यावर महाशय काही बोललेले नाहीत.