केस कायमचे काढण्याचे काम : ‘लायसन्स’ देतो कोण?

मुलगी दहावी-बारावी झाली की आपल्या घरात एकच प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? सोनगीर तर मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. धुळे जवळ, त्यामुळे शहरातल्या क्लासची जाहिरात गावात लगेच पोहोचते. ‘पंधरा दिवसांत केस कायमचे काढायला शिका, आंतरराष्ट्रीय लायसन्स मिळवा’ अशा जाहिरातीला मुली भुलतात. फीसाठी आईची पोत गहाण पडते, नाहीतर बचत गटाचे कर्ज निघते. म्हणून भगिनींनो, पैसे भरण्याआधी हे लायसन्स काय आहे ते समजून घ्या.

आपल्या देशात केस कायमचे काढण्याच्या कामासाठी वेगळे सरकारी लायसन्स नाही. क्लासवाला देतो ते त्याच्या क्लासचे प्रमाणपत्र. ब्यूटी पार्लरच्या भिंतीवर चौकटीत लावलेला कागद बहुधा शॉप ॲक्टचा असतो. तो दुकानाचा कागद आहे, हाताच्या कसबाचा नव्हे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र या कामाला सरकारी लायसन्स लागते. त्यासाठी ६०० तासांचे शिक्षण घेऊन राज्याच्या मंडळाची परीक्षा द्यावी लागते. कुठे ६०० तास आणि कुठे पंधरा दिवस!

एवढे तास लागतात कशाला? या कामाला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. १८७५ साली अमेरिकेतल्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर हा उपाय छापून प्रसिद्ध केला. केसाच्या मुळाशी बारीक सुई सरकवायची, क्षणभर वीज सोडायची आणि मूळ मारायचे. एका वेळी एकच केस. सुई त्वचेला भोक पाडत नाही, केसाच्या वाटेनेच आत जाते. काम नीट झाले असेल तर केस चिमट्याने अलगद निघतो. ओढावा लागला तर समजा, मूळ जिवंत आहे आणि केस पुन्हा येणार. सगळे केस एकाच वेळी वाढीला नसतात, म्हणून हनुवटीचे काम संपायला वर्ष-दीड वर्षही लागते. वीज जास्त झाली तर चेहऱ्यावर डाग राहतो, व्रण राहतो.

लेझरचे तंत्र वेगळे. त्याचा उजेड केसातला काळा रंग पकडतो. पण आपल्या सावळ्या, काळ्या कातडीतही तोच रंग असतो. मशीन चुकीचे असेल किंवा हात कच्चा असेल तर केसाबरोबर कातडीही भाजते. शिवाय लेझरने केस कमी होतात, विरळ होतात; सगळे कायमचे जातील याची हमी नसते. त्वचारोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २००८ साली छापलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे काम शिकलेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे सोपवले आहे. म्हणून ‘लेझर शिका आणि गावात दुकान टाका’ असे कोणी सांगितले तर दोन पावले मागे सरा. इलेक्ट्रोलिसिसला मात्र कातडीचा किंवा केसाचा रंग आड येत नाही. पांढरा केसही त्याने जातो.

मग शिकायचे कसे? आधी पाया घाला. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याला दहावी पास लागते आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. कोणत्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे, याची चौकशी धुळ्याच्या शासकीय आयटीआयमध्ये करा. त्यानंतर इलेक्ट्रोलिसिसचा क्लास निवडताना चार प्रश्न विचारा :

१. प्रत्यक्ष माणसावर किती तास काम करायला मिळेल?

२. शिकवणारी बाई स्वतः हे काम किती वर्षे करते? तिची जुनी गिऱ्हाइके भेटतील का?

३. दर गिऱ्हाइकाला नवी, निर्जंतुक सुई वापरतात का? चिमटे कसे निर्जंतुक करतात?

४. प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचे नाव असेल? सरकारी मान्यता सांगत असतील तर तिचा क्रमांक काय?

तिसऱ्या प्रश्नावर माघार घेऊ नका. एकीची सुई दुसरीला वापरली तर कावीळ ब आणि एचआयव्हीचा धोका असतो. काम करणाऱ्या मुलीने स्वतः कावीळ ब ची लस घ्यावी आणि हातमोजे वापरावेत. गिऱ्हाइकाला मधुमेह आहे का, छातीत पेसमेकर आहे का, ती गरोदर आहे का, हे आधी विचारावे. तिळावरचा केस डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काढू नये. एखाद्या तरुण मुलीच्या हनुवटीवर अचानक दाट केस आले आणि पाळीही चुकत असेल, तर कारण शरीरातल्या संप्रेरकांत असू शकते. तिला आधी धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात पाठवा. ‘मला पैसे नंतर दे, आधी डॉक्टरांना दाखव’ असे सांगणाऱ्या बाईवरच गावाचा विश्वास बसतो. अशी मुलगी आधीच लाजेने पदर हनुवटीवर ओढून बसलेली असते. तिची थट्टा करू नका आणि तिची गोष्ट चार घरी सांगू नका.

भांडवलासाठी सावकाराकडे जाण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जा. १९७८ साली स्थापन झालेले हे महामंडळ अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना धंद्यासाठी अनुदान व बीजभांडवलाच्या योजना देते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि मशीनचे दरपत्रक तयार ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशात नावाजलेली आहेत. हंडा घेताना आपण ठोका पाहतो, जोड पाहतो. कारागिराचा कागद कोणी मागत नाही. पण तो ठोका पंधरा दिवसांत जमलेला नसतो. इथे तर हाताखाली पितळ नाही, कोणाच्या तरी लेकीचा चेहरा आहे. मुलीला या धंद्यात जरूर घाला, पण आधी तिला शिकायला पुरेसा वेळ द्या.