नवरात्रातली उमेद वैशाखातही हवी

यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला दुरून माणसं येतात. नऊ दिवस मंडळांची पोरं गर्दी आवरतात, महाप्रसाद वाढतात, वर्गणीचा हिशेब चोख ठेवतात. मी क्रीडाशिक्षिका होते. यांतल्या कित्येकांना मीच खो-खो शिकवला. त्या हक्कानं सांगते, उन्हाळी सुट्टीतही असेच उभे राहा.

मे महिन्यात इथला पारा ४४ अंशांवर जातो. ऐपत असलेल्यांची मुलं खासगी शिबिरांत जातात. मजुरांची मुलं टिनाच्या छताखाली दिवस काढतात आणि मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं.

या मुलांसाठी नगर परिषदेनं काही करावं म्हटलं, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात सफाई, दिवाबत्ती ही बंधनकारक कामं आहेत. बागा, वाचनालयं ऐच्छिक. पैसा कमी पडला की पहिली कात्री यांनाच लागते. २०१८ मध्ये शहराला पाणी देणारी निळोणा, चापडोह ही धरणं आटली, तेव्हा पाण्यापलीकडे कुणाला काही सुचत नव्हतं, हे खरं. पण आम्ही तरणतलाव मागत नाही. सकाळी सहा ते आठ मैदान, खो-खोचे दोन खांब, फक्कीच्या रेघा, पाण्याचा माठ. दुपारी शाळेची एक खोली, पंखा आणि गोष्टींची पुस्तकं. कडेवर भावंड घेऊन येणाऱ्या मुलीलाही तिथं जागा हवी; तिला परत पाठवणारं शिबिर माझ्या लेखी शिबिरच नव्हे.

शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी मोठी क्रीडासंस्थाही १९१४ मध्ये आखाड्यातूनच उभी राहिली. आपल्याकडे माणसं आहेत, मैदानं आहेत. नगर परिषदेनं अर्थसंकल्पात तरतूद करावी आणि एकेका मंडळानं एकेक प्रभाग वाटून घ्यावा. येत्या उन्हाळ्यापासूनच.